'शुगर' आणि 'साखर' यांच्यामधला लॅटिन दुवा कोणता?

प्रश्न (परभणी):
नमस्कार. मी आठवीला इंग्रजी शिकवते. 'शुगर' आणि 'साखर' हे शब्द इतके सारखे कसे, असे वर्गातल्या एका मुलाने विचारले. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. शब्दकोशात 'शुगर'चे मूळ म्हणून लॅटिन 'सुक्कारुम' दिले आहे, पण उसाच्या शास्त्रीय नावात 'सॅकरम' येते. मग इंग्रजी शब्द नेमका कशावरून आला?

उत्तर १ (लातूर):
आपल्या विद्यार्थ्याचा कान तयार आहे. दोन्ही लॅटिन शब्द मुळात संस्कृत 'शर्करा'च; मात्र ते शतकांच्या अंतराने, निरनिराळ्या वाटांनी लॅटिनमध्ये पोहोचले. पहिला, म्हणजे 'सॅकरम', ग्रीकमधून आला. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की हा पदार्थ अरबस्तानातही होतो, पण भारतातला अधिक नावाजलेला आहे; तो म्हणजे बोरूत साठलेला मध, डिंकासारखा पांढरा, दाताखाली फुटणारा, फार तर हेझलनटाएवढा, आणि केवळ औषधापुरता वापरला जाणारा. मला तर हे वाचताना खडीसाखरच दिसते. याच शब्दावरून १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने उसाचे शास्त्रीय नाव ठेवले आणि पुढे १८७९ मध्ये सापडलेल्या सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थालाही नाव मिळाले.

'शुगर' मात्र दुसऱ्या वाटेने आला. 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' झाली; अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला, त्याबरोबर शब्दही गेला, आणि मध्ययुगीन लॅटिनने 'सुक्कारुम' म्हणून घेतलेला तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर):
वरील उत्तरात थोडी भर घालतो. 'शर्करा'चा जुना अर्थ खडे, रेती असा आहे. म्हणूनच आयुर्वेदात लघवीतल्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हणतात. प्राकृतात तिची 'सक्करा' झाली आणि मराठीत 'साखर'. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात एक गिऱ्हाईक साखर मागते, दुसरे उर्दूतली शक्कर मागते, आणि दुकानदार दोघांना एकाच पोत्यातून मोजून देतो. गुळासाठी इंग्रजीत असलेला 'जॅगरी' हा शब्दही याच घरातला. पोर्तुगीजांनी तो केरळच्या किनाऱ्यावरून उचलला, आणि मल्याळममधला 'चक्करा' पुन्हा शर्करेकडेच जातो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. उद्या वर्गात खडीसाखर झाकून नेणार आहे. आधी प्लिनीचे वर्णन वाचून दाखवीन आणि आत काय आहे ते मुलांना ओळखायला सांगेन.