दगडाळ माळ, मिनी ट्रॅक्टर आणि डाळिंब: दगड किती काढायचे?

माळरान: सांगोला भागातला दोन एकर माळ. वर वीतभर मुरमाड माती, तिच्यात डोक्याएवढे धोंडे, खाली मुरूम. १४ बाय १० फुटांवर डाळिंब लावायचंय. २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटर मारून सगळं रान साफ करता येईल का?

फणपाळी: रोटाव्हेटर आधी अजिबात नको. पाती तुटतात, गिअरबॉक्सला झटके बसतात, दगड मागं उडतो. स्प्रिंगचा कल्टिव्हेटर लावा, दगड लागला की फण मागं सरतो. वाफशावर (रान ना चिखल, ना कोरडं ठक्क असताना), लो गिअरमध्ये, आधी ८-१० सेंमी, मग आडवी पाळी. एकदम खोल घातला आणि फण रुतलेल्या धोंड्यात अडकला, तर पुढची चाकं उचलतात. धोंडा साखळीनं ओढायचा तर साखळी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्याला. टॉप लिंकला, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला बांधली तर ट्रॅक्टर मागं उलटतो, माणूस खाली जातो.

पौळ: सगळं रान कशाला? हिशेब करा. एकरात १५ सेंमीचा थर म्हणजे ६०० घनमीटर. दहा टक्के दगड धरला तरी ६० घनमीटर भरीव, ट्रॉलीत पोकळ्यांसकट १०० च्या आसपास. १०० घनफुटी ट्रॉलीच्या ३५ खेपा! ओळीचा ४ फुटी पट्टाच साफ केलात तर तीस टक्क्यांच्या आत काम. आणि ती ट्रॉली काळ्या दगडानं काठोकाठ भरली की साडेचार टन होते. उतारावर मिनी ट्रॅक्टरला ती आवरत नाही. तळाला एक थर, बस.

माळरान: मग जेसीबी लावू का?

ठिबक: जेसीबीनं खरवडलं की दगडाबरोबर होती नव्हती ती मातीही बांधावर जाते. तीन टनी मिनी पोकलेन बघा, जाळीचं बकेट असलेला. माती गळते, दगड राहतो. फक्त रान कोरडं हवं, ओल असली की जाळी चोंदते. त्यालाच ६० सेंमीचे खड्डे घ्यायला सांगा. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसरीकडे. भरताना वरचीच माती आणि २० किलो कुजलेलं शेणखत. खड्ड्याचा तळ कडक लागला तर पहारीनं फोडा, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून मुळं सडतात.

पौळ: निघालेले धोंडे उताराला आडवे, समपातळीत रचा. मोठे खाली, फटीत चिपा, माती घालू नका. पाणी झिरपेल, गाळ अडेल. मुठीपेक्षा लहान खडे वेचत बसू नका, ते पावसाचा मार आणि ऊन दोन्ही अडवतात. लॅटरलखालच्या, म्हणजे ठिबकच्या नळ्यांखालच्या धारदार चिपा तेवढ्या काढा.