घरातल्या मंद उजेडासाठी ३५ मिमी लेन्स घ्यावी की ५० मिमी? मदत हवी आहे

नमस्कार. बंद पडलेला छायाचित्रणाचा छंद घरच्या माणसांमुळेच पुन्हा जडला आहे: विळीवर नारळ खवणारी आई, चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधणारे बाबा, सोप्यावर अभ्यास करणारी मुलगी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या कौलारू घरात उजेड मुख्यतः राजांगणातून (घराच्या मधल्या उघड्या चौकातून) येतो आणि पावसाळ्यात स्वयंपाकघर दुपारीही अंधारलेले असते.

माझ्याकडे निकॉनचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा व १८-५५ मिमी लेन्स आहे. ५५ मिमीवर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ६४०० केल्यास चेहऱ्यांवर रवाळपणा येतो. शटरचा वेग १/३० सेकंद ठेवल्यास हलते हात पुसट होतात आणि तिथे तिपाईचाही (ट्रायपॉडचाही) उपयोग होत नाही. फ्लॅश मला नकोच, कारण तो उडाला की सगळी सावध होऊन बसतात आणि जे टिपायचे असते तेच निसटते.

म्हणून एफ/१.८ ची एकच लेन्स घेण्याचा विचार आहे. या सेन्सरवर ३५ मिमीची चौकट फुल-फ्रेमवरील सुमारे ५२ मिमीसारखी आणि ५० मिमीची ७५ मिमीसारखी दिसते. चेहऱ्यांसाठी मला ५० मिमी अधिक आवडते. परंतु आमच्या स्वयंपाकघरात जेमतेम दोन-अडीच मीटरच मागे सरता येते. दमट हवेत बुरशीची भीती असल्याने जुनी लेन्स घेणार नाही.

अशा अपुऱ्या जागेत ज्यांनी या दोन्ही लेन्स वापरल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे: ५० मिमीने माणूस आणि त्याचे काम एकाच चौकटीत मावते का, आणि मागेपुढे बसलेले दोन चेहरे स्पष्ट येण्यासाठी छिद्र किती ठेवावे लागते?