मदत हवी आहे : इंग्रजीत ‘टू’नंतर ‘आयएनजी’ कधी लावायचं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे ऑफिसचं काम बघते. सौदे, पट्ट्या, गाडीवाल्यांशी बोलणं सगळं मराठी-हिंदीत चालतं. पण बाहेरच्या देशांतल्या गिऱ्हाइकांना ईमेल इंग्रजीतून जातात आणि ते मी लिहिते. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. शब्द अडत नाहीत, अडतं ते क्रियापदाचं रूप.

शाळेत शिकवलेलं डोक्यात पक्कं आहे, ‘टू’ आला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘वुई वॉन्ट टू सेंड’. मग परदेशातून येणाऱ्या ईमेलच्या शेवटी ‘वुई लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ असं कसं असतं? आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे ‘टू हिअर’ लिहितात. यातलं बरोबर कोणतं आणि का?

दुसरं, ‘रिमेम्बर टू सेंड’ आणि ‘रिमेम्बर सेंडिंग’ दोन्ही वाचनात येतं. ‘स्टॉप’, ‘ट्राय’ यांचंही तेच. अर्थात फरक पडतो का? गिऱ्हाइकाने भाव पाठवल्याची तारीख विचारली आणि मी नेमकं उलटं लिहून बसले, असं होऊ नये म्हणून विचारतेय. ‘भाव’ म्हणजे दराचं कोटेशन.

माझा भाचा यंदा बारावीला आहे. त्याच्याही पेपरात जेरंड (‘आयएनजी’ लावून क्रियापदाचं केलेलं नाम) वापरून वाक्य पुन्हा लिहायला येतं. त्याच्या गाइडमध्ये क्रियापदांच्या लांबलचक याद्या आहेत. त्या पाठ होतात आणि आठवड्यात उडून जातात. कारणासकट कुणी समजावलं तर आम्हा दोघांचं काम होईल.

प्रतिसाद १

ताई, मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

‘टू हिअरिंग’ बरोबर. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटून येतो, ‘टू सेंड’, ‘टू पे’. दुसरा ‘इन’, ‘फॉर’, ‘आफ्टर’ यांच्या जातीचा, म्हणजे शब्दयोगी. त्याच्यापुढे नाम लागतं. क्रियापदच ठेवायचं असेल तर त्याचं नाम करावं लागतं, आणि ते नाम म्हणजे जेरंड. कोणता ‘टू’ आहे हे ओळखायला तिथे साधं नाम ठेवून बघा. ‘वुई लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ चालतं, म्हणून ‘टू हिअरिंग’. ‘वुई वॉन्ट टू युवर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून ‘टू सेंड’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कमिटेड टू’, ‘इन अ‍ॅडिशन टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ हे सगळे या कसोटीवर दुसऱ्या गटात जातात. बाकीच्या शब्दयोगींपुढेही तेच, ‘बिफोर लोडिंग’, ‘आफ्टर रिसीव्हिंग’, ‘विदाउट चेकिंग’.

‘यूज्ड टू’ मात्र दोन प्रकारे येतो आणि चांगले चांगले तिथे अडकतात. तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचंच उदाहरण घ्या. तिथे पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे. 2005 च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली आणि माल कोल्ड स्टोअरेजला जाऊ लागला. ‘पूर्वी आम्ही पेवात साठवायचो’ हे ‘वुई यूज्ड टू स्टोअर’. ‘आम्हाला साठवायची सवय आहे’ हे ‘वुई आर यूज्ड टू स्टोअरिंग’. सवयीच्या अर्थाने मध्ये ‘आर’ आला की पुढे ‘आयएनजी’.

आता याद्यांकडे. गोंधळ होतो तो आपल्या ‘-ायला’मुळे. ‘मला पोहायला आवडतं’ आणि ‘मला पोहायला शिकायचंय’, मराठीत दोन्हीकडे ‘पोहायला’. इंग्रजीत ‘एन्जॉय स्विमिंग’ पण ‘लर्न टू स्विम’. म्हणून ‘-ायला’ दिसलं की ‘टू’ असं समीकरण मांडू नका. ‘थांबायला आमची हरकत नाही’ हे ‘वुई डोन्ट माइंड वेटिंग’च होतं.

थोडा आधार असा : जे अजून व्हायचंय, ज्याच्याकडे मन पुढे धावतं, तिथे बहुधा ‘टू’ येतो, म्हणजे ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘अ‍ॅग्री’, ‘रिफ्यूज’. जे चालू आहे किंवा होऊन गेलंय तिथे बहुधा जेरंड, म्हणजे ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘कीप’, ‘अ‍ॅडमिट’, ‘डिनाय’. पण ‘अव्हॉइड’, ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’ या आधाराला जुमानत नाहीत आणि जेरंडच घेतात. असे शब्द पाठच करायचे. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांना दोन्ही चालतं, तिथे डोकं शिणवू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इथे मराठीच वाट दाखवते, फक्त ऐकायला हवं.

‘पाठवल्याचं आठवतं’ : ‘रिमेम्बर सेंडिंग’. पाठवून झालंय.
‘पाठवायचं लक्षात ठेव’ : ‘रिमेम्बर टू सेंड’. पाठवणं बाकी आहे.

‘तो चहा प्यायचा थांबला’ : ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग’. ‘तो चहा प्यायला थांबला’ : ‘स्टॉप्ड टू ड्रिंक’. पहिल्याने चहा सोडला, दुसरा टपरीवर उभा आहे.

‘कमी पाणी घालून बघ’ : ‘ट्राय अ‍ॅडिंग लेस वॉटर’. ‘दार उघडायचा प्रयत्न कर’ : ‘ट्राय टू ओपन’. आपलं ‘-ऊन बघणं’ आणि इंग्रजीचं ‘ट्राय’ अधिक ‘आयएनजी’ अगदी जुळतात.

‘रिग्रेट’ व्यापारी पत्रात फार येतो. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे ‘कळवायला वाईट वाटतं’, बातमी आत्ता देतोय. ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ म्हणजे ‘कळवल्याचा पस्तावा होतोय’. गिऱ्हाइकाला असं लिहिलं तर काय होईल ते तुम्ही जाणताच.

ताईंचा प्रतिसाद

सर, मनापासून आभार. ‘पाठवल्याचं’ आणि ‘पाठवायचं’ यांनी तर माझं कोडंच सुटलं, याद्यांपेक्षा हे कायम लक्षात राहील. भाचा विचारतोय की ‘आयएनजी’ असलेला प्रत्येक शब्द जेरंड का? नामाआधी आला तर कसं ओळखायचं? आणि परीक्षेतलं रूपांतर कसं करायचं?

प्रतिसाद २

मिरजेत अकरावी-बारावीचे क्लास घेतो, म्हणून भाच्याच्या प्रश्नापुरतं लिहितो.

प्रत्येक ‘आयएनजी’ जेरंड नसतो. तुमच्याच धंद्यातली दोन उदाहरणं. ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणजे उकळतं पाणी. पाणी स्वतः उकळतंय, म्हणून तो पार्टिसिपल, म्हणजे विशेषणासारखं आलेलं क्रियापदाचं रूप. ‘ग्राइंडिंग मशीन’ म्हणजे दळायचं मशीन, दळण्यासाठीचं. म्हणून तो जेरंड. मराठीत ‘-तं’ आलं तर पार्टिसिपल, ‘-ायचं’ किंवा ‘-ण्यासाठीचं’ आलं तर जेरंड. ‘स्लीपिंग बेबी’ आणि ‘स्लीपिंग बॅग’ स्वतः लावून बघ. बोलतानाही जेरंडच्या जोडीत जोर पहिल्या शब्दावर पडतो.

परीक्षेत बहुधा ‘इट इज डिफिकल्ट टू स्टोअर टर्मरिक इन द मॉन्सून’ अशा धर्तीचं वाक्य येतं. ‘इट’ काढून टाक, ‘टू स्टोअर’चं ‘स्टोअरिंग’ कर आणि सगळा तुकडा पुढे आण : ‘स्टोअरिंग टर्मरिक इन द मॉन्सून इज डिफिकल्ट’. मुलांचे मार्क जातात ते शेवटच्या क्रियापदात. ‘पॉलिशिंग द फिंगर्स इज कॉस्टली’ इथे फिंगर्स, म्हणजे हळकुंडं, अनेकवचनी; तरी ‘इज’च. कर्ता हळकुंडं नाहीत, पॉलिश करणं आहे.

ताईंचा प्रतिसाद

भाच्याने लगेच वहीत उतरवलं. आता उद्या जायचा ईमेल टाकते, कुणीतरी नजर टाका.

‘थँक यू फॉर सेंडिंग द सॅम्पल रिपोर्ट. वुई हॅव फिनिश्ड पॅकिंग द फर्स्ट लॉट. वुई सजेस्ट यू टू कन्फर्म द डेट. वुई विल अप्रिशिएट यू रिप्लाइंग सून.’

प्रतिसाद १

पहिली दोन वाक्यं चोख. ‘सजेस्ट यू टू’ चालत नाही. ‘वुई सजेस्ट दॅट यू कन्फर्म द डेट’ करा. नुसतं ‘वुई सजेस्ट कन्फर्मिंग’ व्याकरणाने बरोबर आहे, पण तारीख कुणी कळवायची ते त्यात येत नाही आणि ईमेलमध्ये ते यायला हवं. शेवटच्या वाक्यात बोलताना ‘यू रिप्लाइंग’ सर्रास चालतं, व्यापारी पत्रात ‘युवर रिप्लाइंग’ जास्त शोभतं. मी तिथे सरळ ‘वुई लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ घालेन.