तारप्याचा हंगाम आणि पाहुण्यांचा हंगाम : व्यवसाय गावाने स्वतः चालवावा का?

प्रश्न : जव्हारकर

नमस्कार. जव्हार तालुक्यातील आमच्या पाड्यावर साधारण चाळीस उंबरे आहेत. भातझोडणी आटोपली की निम्मी घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती शिमग्यापुरती येतात आणि पुन्हा जातात. गेल्या महिन्यात शहरातील एका पर्यटन व्यावसायिकाने प्रस्ताव ठेवला : घरांत पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय, वारली चित्रांची विक्री आणि रात्री तारपा (दुधी भोपळ्याचे फुंकून वाजवायचे वाद्य) वाजवून नाच. घरे आणि माणसे आमची. आरक्षण, दर आणि हिशेब त्यांचा. तरुणांना हे पटले आहे. वडीलधाऱ्यांची हरकत मात्र दराला नसून तारप्याला आहे. आमच्याकडे तारपा बाहेर निघतो तो भात पिकू लागल्यावर, आणि पाहुणे येणार मे महिन्याच्या सुटीत.

दुसरा विचार असा पुढे आला की हेच काम गावाने स्वतः का करू नये. परंतु त्यासाठी संस्था कोणत्या प्रकारची नोंदवावी, पैसा कोणाच्या हाती राहावा, आणि आपल्या चालीरीती विकायला न काढता हे साधते का, यावर बैठकीत एकमत होत नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी लिहावे. शासकीय योजनांची यादी कृपया देऊ नये. ती तालुक्याला मिळते.

उत्तर : धानोऱ्याचा वहीवाला

मी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचा. आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंडांचे गाव आपण ऐकले असेल. २००९ मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वन विभागाचाच लागत असे, कारण वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज (झाडांचे लाकूड सोडून जंगलातले इतर उत्पन्न) म्हटले असले तरी १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी तो झाड होता. (गवताला झाड म्हणणारा कायदा नव्वद वर्षे टिकला, हेही नवलच.) एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, आणि गावाने आपला बांबू आपल्या दराने विकला. बहुतेक जण ही गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते पाहण्यासारखे आहे ते त्याआधीचे : कित्येक वर्षे त्या गावात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतला जात होता आणि अवघड विषयासाठी अभ्यास गट बसत होते. परवाना हाती आला तेव्हा पैसा कसा ठेवायचा हे भांडण नव्याने सुरू करावे लागले नाही.

आमच्या ग्रामसभेने पुढे तेंडूच्या, म्हणजे विडीच्या, पानांचे संकलन स्वतःकडे घेतले आणि तेव्हापासून वही माझ्याकडे आहे. मे महिन्यात लोक अंधार असतानाच जंगलात जातात, उन्हाच्या आत परततात, घरच्या सावलीत बसून ७० पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, आणतात. असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. पूर्वी ठेकेदाराचा मुन्शी दर शंभरामागे पाच पुडे जास्तीचे घ्यायचा, 'वाळताना खराब होतात' म्हणून. ते पाच पुडे कोणाच्याच वहीत चढत नसत. आम्ही पहिला बदल केला तो एवढाच की मोजणारा आमचा राहील, आणि त्या दिवशीचे आकडे फड उठण्यापूर्वी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले जातील. वाचायला न येणाऱ्या म्हाताऱ्या स्वतःचे पुडे बोटांवर लक्षात ठेवतात आणि माझी चूक जागच्या जागी पकडतात.

चूक आमच्याकडूनही झाली. २०१७ मध्ये तेंडूला चांगला भाव आला, त्याच वर्षी जुलैपासून पानांवर १८ टक्के जीएसटी लागला आणि पुढच्या हंगामात भाव पडले. पडत्या भावात ठेकेदार हातचा जाऊ नये म्हणून आम्ही शेवटचा हप्ता येण्याआधी गोण्या उचलू दिल्या, आणि तो हप्ता बुडाला. तेव्हापासून पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज गोणी हलत नाही. आपणही पाहुणा उंबऱ्यात येण्यापूर्वी पैसा गावाच्या खात्यात येईल, असे ठरवावे. त्या व्यावसायिकाच्या खात्यातून महिन्याअखेर येणारा पैसा हा आपला पैसा नव्हे.

संस्कृतीविषयी इतकेच सांगतो की गावाच्या वाट्यातून आम्ही गोटूलचे, म्हणजे गोंड गावातील एकत्र जमण्याच्या घराचे, छप्पर नव्याने घातले. तिथे नाचण्याचे पैसे कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही.

उत्तर : बाणकोट खाडी

हंगामाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच लिहितो. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात आणि घरचेच जेवतात. नाना फडणवीसांचे गाव म्हणून पूर्वी कोणी वाट वाकडी करून येत असेल तेवढेच. आता मुंबई-पुण्याहून माणसे मुद्दाम येतात.

मादी अंडी घालते तिच्या सवडीने, आणि त्यांतून पिल्ले निघायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. कुंपणातल्या घरट्यांवर टोपल्या झाकलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ते एकेक टोपली उचलून पाहतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही वेळा एकाही टोपलीखाली पिल्लू नव्हते. आम्ही वीस-पंचवीस माणसे होतो, कोणीही पैसे परत मागितले नाहीत, कारण पिल्लू दिसेलच असे कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे नऊ पिल्ले निघाली आणि दोरीमागे उभे राहून आम्ही ती पाण्याकडे जाताना पाहिली.

आपला तारपाही असाच ठेवता येईल. मे महिन्यात आलेल्यास स्पष्ट सांगावे की आता तारपा नाही, भात पिकेल तेव्हा या. शहरातला माणूस हे समजून घेतो. समजत नसेल तर तो आपल्या कामाचा पाहुणा नाही.

उत्तर : चौक लिहिणारी

दादांनो, तारप्यावर एवढा विचार झाला, पण चित्रांचे पैसे कोणाच्या नावावर जमा होणार हे कोणी विचारले नाही. मी डहाणूकडची. आमच्यात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकोनी चित्र, सवासिनी लिहितात. आम्ही 'काढतो' म्हणत नाही, 'लिहितो' म्हणतो. लग्न लावणारी धवलेरी गाणे म्हणते, तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक पुरा होतो आणि मगच लग्न पुढे सरकते. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग आणले, आमच्यातले जिव्या सोमा मशे यांचा हात जगाने पाहिला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा मला अभिमानच आहे. मात्र चित्र भिंतीवरून कागदावर आले तसे ते बायकांकडून पुरुषांकडेही गेले. आज अनेक घरांत शेण-गेरूची पार्श्वभूमी सासू-सून तयार करतात, बारीक भरणीही त्याच करतात, आणि खाली सही घरधन्याची असते.

म्हणून माझे सांगणे आहे की विक्रीची नोंद घराच्या नावावर न ठेवता जिने काम केले तिच्या नावावर ठेवावी आणि रक्कम तिच्याच बँक खात्यात जावी. कागदावर नवे विषय खुशाल काढा. रेल्वे, बस, धरण, काहीही. लग्नाचा चौक मात्र पाहुण्यांसमोर लिहू नये. आमच्या पाड्यावर एकदा लिहिला गेला, आणि ज्या म्हातारीने लिहिला ती त्यानंतर पुष्कळ दिवस गप्प होती.

उत्तर : हिशेबनीस

संस्थेच्या प्रकाराबद्दल थोडक्यात लिहितो. सहकारी संस्थेसाठी १९६० च्या अधिनियमानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. उत्पादक कंपनीलाही किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, आणि भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. परंतु दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांचा खर्च उलाढाल लहान असली तरी टळत नाही. वर्षाला पाचपन्नास पाहुणे येणार असतील तर कंपनी हा भार ठरेल. महिलांच्या बचत गटाच्या खात्यावर दोन हंगाम काम करून पाहावे, नियम मात्र पहिल्या दिवसापासून लेखी ठेवावेत, आणि नंतर सहकारी संस्था नोंदवावी. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या वस्तूच्या नावाला कायद्याचे संरक्षण) आहे. आपल्या चित्रकारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी, म्हणजे छापील नक्कल 'वारली चित्र' म्हणून विकणाऱ्याला हरकत घेता येईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : जव्हारकर

सर्वांचे आभार. आपली उत्तरे रविवारी बैठकीत वाचून दाखवली. त्या व्यावसायिकाला कळवले आहे की तो पाहुणे पाठवू शकतो, मात्र दर आमचा असेल आणि पैसा आधी गटाच्या खात्यात जमा व्हावा. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. सुरुवातीला सहाच घरे घेतली आहेत, पाहुणे पाळीने द्यायचे ठरले आहे, आणि वही नववी झालेल्या एका मुलीकडे दिली आहे. सहीचा मुद्दा निघाल्यावर दोन पुरुष उठून बाहेर गेले; ते पुढच्या बैठकीला येतील असे वाटते. तारप्याबद्दल आमच्या वाजवणाऱ्या आजोबांना विचारले तेव्हा ते म्हणाले की या वर्षीचा दुधी अजून वेलीवरच आहे, तो वाळल्याशिवाय नवा तारपा होत नाही, त्यामुळे मे महिन्याचा प्रश्नच उरत नाही.