कुत्री, मांजरी, ससा, साप आणि कासवे एकाच घरात: सून येण्यापूर्वी काय तयारी करावी?

प्रतापनगरकर आजी:

नमस्कार. मी नागपूरच्या प्रताप नगरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. आमचे घर तळमजल्यावर असून तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे भिंतीने वेढलेले लहानसे अंगण आहे. घरात सध्या आठ वर्षांची देशी कुत्री राणी, मुलाने पाळलेला साडेतीन फूट लांबीचा बॉल पायथन जातीचा बिनविषारी साप आणि काचेच्या टाकीत लाल कानांची दोन पाणकासवे आहेत. येत्या अक्षय्य तृतीयेला मुलाचे लग्न आहे. होणारी सून आपल्या दोन मांजरी आणि एक ससा घेऊन येणार आहे. लग्नाला होकार देताना तिने घातलेली ही एकमेव अट होती आणि ती मला आणि मुलालाही मनापासून मान्य आहे.

माझी काळजी अशी की, राणी घरात शांत असली तरी गल्लीतल्या मांजरींच्या मागे धावते. पायथनची पेटी मुलाच्या खोलीत आहे आणि लग्नानंतर मांजरीही त्याच खोलीत झोपतील, असे दोघांनी ठरवले आहे. लग्न ऐन उन्हाळ्यात आहे, तेव्हा पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि आमच्याकडे वातानुकूलन नाही, खसच्या ताट्यांचा एक मोठा कूलर तेवढा आहे. शिवाय सुट्टीत मुलगी तिच्या चौदा महिन्यांच्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला येते. एकाही प्राण्याला दुसऱ्याकडे पाठवायची माझी इच्छा नाही. सगळे सुखाने राहावेत यासाठी आतापासून काय करावे?

एक सांगायचे राहिले. अंगणात पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले एक जमिनीवरचे कासवही आहे. बारा वर्षांपूर्वी वास्तुशांतीला एका नातेवाइकाने ते शुभ म्हणून भेट दिले होते. यजमान हयात असताना रोज सकाळी त्याला जास्वंदीची फुले खाऊ घालत, आता मी घालते. हल्ली त्याचे खाणे कमी झाले आहे. त्याला आणखी काय द्यावे, तेही कळवावे.

खामल्याची ताई:

काकू, लग्नाला अजून वेळ असताना तुम्ही विचारलेत, याचा फार आनंद झाला. माझ्याकडे गेली नऊ वर्षे दोन कुत्री, तीन मांजरी आणि पाणकासवे आहेत. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते. सगळे प्राणी एकत्र बसलेले छायाचित्र मनात धरून घर लावू नका. प्रत्येक प्राण्याला, दुसऱ्या कोणालाही प्रवेश नाही अशी एक जागा मिळाली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

राणी आणि मांजरींची ओळख डोळ्यांनी होण्याआधी नाकाने व्हायला हवी. सुनेच्या घरून मांजरींच्या अंथरुणाचे फडके आत्ताच मागवा आणि राणीच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवा, राणीच्या अंथरुणाचा तुकडा तिकडे पाठवा. मांजरी आल्यावर किमान दोन आठवडे त्यांना बंद खोलीत राहू द्या आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण द्या, म्हणजे पलीकडच्या वासाचा संबंध पोट भरण्याशी जोडला जातो. त्यानंतर दार थोडे उघडून, राणीला पट्टा बांधून, काही मिनिटांची भेट घडवावी. राणीने मांजरीवरची नजर काढून तुमच्याकडे पाहिले की लगेच खाऊ द्यावा. ती एकटक पाहत अंग ताठ करत असेल, तर दार लावून पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा केवळ वासावर थांबावे. घाई केलेली पहिली भेट निस्तरायला मला सहा महिने लागले होते, म्हणून हे इतके सांगते आहे. भिंतीवर मांजरींसाठी राणीच्या उडीपेक्षा उंच फळ्या ठोकून घ्या आणि दोन मांजरींच्या शी-शूसाठी माती भरलेली तीन भांडी ठेवा, कारण एका मांजरीने भांडे अडवले की दुसरी गाद्या खराब करते.

पायथन आणि मांजरी एका खोलीत ठेवण्याचा बेत मात्र बदलावा, असे मला ठामपणे वाटते. पेटीच्या आतल्या उबेमुळे मांजरी हटकून तिच्या झाकणावर जाऊन बसतात. जाळीचे झाकण त्यांच्या वजनाने वाकते आणि सापाला डोक्यावर सतत शिकारी प्राण्याची चाहूल राहते. त्या ताणाने बॉल पायथन आठवडेच्या आठवडे खाणे सोडतो. तिसरी खोली लहान असली तरी ती सापाला आणि कासवांच्या टाकीला द्या, दाराला वरच्या बाजूला कडी लावा आणि पेटीच्या झाकणाला कुलूप घाला. चिरंजीवांना एक सवय लावावी लागेल: सशाला हाताळल्यावर हात साबणाने धुऊन, शक्यतो कपडे बदलूनच सापाला हात लावायचा, कारण उष्ण रक्ताच्या लहान प्राण्याचा वास हाताला असला की साप हातालाच भक्ष्य समजून झेप घेऊ शकतो.

पशुवैद्य, धंतोली:

वरील उत्तर उत्तम आहे. मी उन्हाळा, औषधे आणि बाळ या तीन गोष्टींविषयी लिहितो.

सरपटणाऱ्या प्राण्यांना ऊन लागते, मग नागपूरचा उन्हाळा त्यांना मानवणारच, असा समज मला वारंवार आढळतो आणि त्यामुळे दर वर्षी काही प्राणी दगावतात. हे प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाहीत. ते उबेच्या आणि गारव्याच्या जागांमध्ये ये-जा करून आपले तापमान राखतात. बॉल पायथनच्या पेटीची उबदार बाजू साधारण 31 ते 33 अंश आणि गार बाजू 25 ते 27 अंश असावी लागते. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर गेली, तर गार बाजू उरतच नाही आणि प्राण्याला पळायला जागा राहत नाही. तेव्हा आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गरम करणाऱ्या चटईची जितकी गरज असते, तितकीच एप्रिल ते जूनमध्ये ती बंद ठेवून खोली गार करण्याची असते. पेटीच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे तापमापक लावावेत आणि हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

कूलरची आर्द्र हवा पायथनला सोसते, किंबहुना कात टाकताना उपयोगी पडते, परंतु समोरची खिडकी उघडी असल्याशिवाय कूलर चालवू नये, अन्यथा खोली दमट होऊन गारवा येत नाही आणि पेटीत बुरशी धरते. सर्वांत नाजूक प्रकृती सशाची असते. त्याला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि 30 अंशांच्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका असतो. म्हणून कूलरच्या खोलीवर पहिला हक्क सशाचा आहे, असे समजावे. पाणी गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून त्याच्या पिंजऱ्यात ठेवावी आणि वीज गेल्यास कूलर चालेल इतक्या क्षमतेचा इन्व्हर्टर आहे ना, हे लग्नापूर्वी तपासावे. सशाच्या आहाराचा मोठा भाग वाळलेले गवत असावे, प्रौढ सशाला रोज लसूणघास देऊ नये, कारण तिच्यात कॅल्शियम जास्त असते. त्याने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

कासवांच्या टाकीवर अतिनील-ब किरणांचा दिवा आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतात आणि त्यांच्यावाचून कासवाला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, त्यामुळे कवच मऊ पडते. दिवा पेटत असला तरी त्यातील अतिनील प्रकाश हळूहळू संपतो, म्हणून नळी सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते.

औषधांच्या बाबतीत अनेक प्राण्यांच्या घरात होणारी चूक अशी, की गोचीड झाल्या म्हणून एकाच बाटलीतले औषध सर्वांना लावले जाते. कुत्र्यासाठी चालणारे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीसाठी विषारी आहे, औषध लावलेल्या कुत्रीला खेटून बसल्याने किंवा तिला चाटल्यानेही मांजरीला झटके येऊ शकतात. गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला लावू नये आणि परजीवींवरचे आयव्हरमेक्टिन कोणत्याही कासवाला कधीही देऊ नये. राणीला पावसाळ्यापूर्वी गोचिडांचे औषध द्याल, तेव्हा घरात मांजरी, ससा आणि कासवे आहेत, हे डॉक्टरांना आधी सांगा. रेबीजची लस राणीला आणि दोन्ही मांजरींना हवीच.

आता बाळाविषयी. निरोगी दिसणाऱ्या कासवांच्या आणि सापांच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू बाहेर पडतात आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून गंभीर आजार होऊ शकतो. अमेरिकेत याच कारणासाठी 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. नात असेपर्यंत सापाची आणि कासवांची खोली तिच्यासाठी पूर्ण बंद ठेवावी. टाकीचे पाणी, गाळणी किंवा दगड स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुऊ नयेत आणि टाकी साफ करणाऱ्या व्यक्तीने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. इतके पाळले तर नातीला आजोळी यायला काहीच अडचण नाही.

महालकर:

काकू, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचून मी थांबलो. तुमच्या वर्णनावरून ते भारतीय स्टार कासव आहे आणि ते घरी ठेवता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाल्यास किमान 3 आणि कमाल 7 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. त्याआधीही हे कासव कायद्याने संरक्षितच होते, त्यामुळे बारा वर्षांपूर्वी ते भेट मिळाले असले तरी फरक पडत नाही. 2019 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळजवळ पूर्णपणे थांबवण्यात आला, कारण शुभ म्हणून आणि शोभेसाठी ही कासवे पोत्यांत भरून रानातून उचलली जात होती.

तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आमच्या वडिलांनीही असेच एक कासव मायेने सांभाळले होते आणि त्याला निरोप देताना घरातल्या सर्वांना जड गेले होते. माझी विनंती एवढीच, की ते कोणाला देऊ नका, विकू नका आणि अंबाझरीच्या किंवा गोरेवाड्याच्या रानात सोडून तर मुळीच देऊ नका. हे कासव मूळचे वायव्य भारतातील आणि दक्षिणेकडील कोरड्या, काटेरी प्रदेशातले असल्याने आपल्या भोवतालचे रान त्याचे घर नाही. वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करा, ते कसे आले हे खरे सांगा आणि हवे तर आधी एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे वन्यजीवांवर उपचार होतात. त्याचे खाणे कमी झाले आहे, तेव्हा त्याला तपासून घेण्याची तशीही गरज आहेच.

पायथनबद्दलही एक गोष्ट पाहा. बॉल पायथन परदेशी असला, तरी वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या प्रजातींपैकी आहे. अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 28 फेब्रुवारी 2024 रोजी लागू झाले. केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 या संकेतस्थळावर त्याची नोंद केलेली आहे का, हे मुलाला विचारा. नसेल, तर उशीर झाला म्हणून गप्प राहू नका. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, तिथे जाऊन पुढे काय करायचे ते विचारता येईल.

प्रतापनगरकर आजी:

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. स्टार कासवाविषयी वाचल्यावर काल रात्री मला झोप लागली नाही. हे बेकायदा आहे, याची यजमानांना कल्पना असती, तर त्यांनी ते पहिल्याच दिवशी परत केले असते. आज सकाळी त्याला शेवटची जास्वंद घातली, मुलाशी बोलले आणि 1926 वर फोन केला. त्यांनी पत्ता लिहून घेतला आहे. पायथनची नोंद झालेली नाही, असेही मुलाने कबूल केले, तो सोमवारी वनभवनात जाणार आहे.

तिसऱ्या खोलीतले जुने पेटारे हलवायला सुरुवात केली आहे आणि सुनेने मांजरींच्या अंथरुणाचे फडके पाठवले आहे. राणीने ते बराच वेळ हुंगले आणि मग त्यावरच पाय पसरून झोपली. आता एकच शंका उरते. अंगण रिकामे होईल, तर उन्हाळ्यात पाणकासवांना तिथल्या सिमेंटच्या टाक्यात सोडले तर चालेल का? त्यांची काचेची टाकी आता त्यांना अपुरी पडते आहे.

खामल्याची ताई:

काकू, सकाळी तासभर, कोणीतरी जवळ बसून, एवढेच चालेल. दुपारी सिमेंटच्या टाक्यातले उथळ पाणी इतके तापते की कासवे त्यातच मरतात. शिवाय राणी त्यांना हाडूक समजून तोंडात धरू शकते, कुत्र्याच्या दातांनी कवच फुटते. मादी वाढून जवळजवळ फूटभर होते, त्यामुळे मोठी टाकी घ्यावीच लागेल. जागा पुरत नाही म्हणून फुटाळा तलावात सोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. ही कासवे अमेरिकेतली आहेत आणि तलावात सोडल्यावर आपल्या देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावतात. जुनी प्लास्टिकची पाचशे लिटरची टाकी आडवी कापून आणि कडा नीट घासून मी माझ्या कासवांना घर केले आहे, मापे हवी असल्यास कळवते.

प्रतापनगरकर आजी:

मापे जरूर कळवा. शनिवारी सुतार येणार आहे, फळ्यांबरोबर टाकीच्या बैठकीचे कामही त्याच्याकडूनच करून घेईन.