मदत हवी आहे: म्यूऑन मोजून न्यूट्रिनोंचा फ्लक्स का काढता येत नाही?

नमस्कार मंडळी,

मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहते. सेमिनारसाठी जपानचा टीटूके (T2K) प्रयोग घेतला आहे. त्यात न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या, अतिशय हलक्या कणांचा झोत दूरच्या डिटेक्टरकडे सोडतात; झोतात किती न्यूट्रिनो आहेत तो फ्लक्स. आमचे सर थिन फिल्मवाले. ते मनापासून ऐकून घेतात, पण माझी शंका ऐकल्यावर 'हे त्या विषयातल्या माणसालाच विचार' असं त्यांनीच सुचवलं.

मला समजलं ते असं. तोकाईच्या जे-पार्क या प्रवेगक केंद्रात ३० जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे प्रोटॉन ९० सेंटिमीटर लांब ग्रॅफाइटच्या कांडीवर आदळतात. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात, तीन चुंबकीय हॉर्न त्यांना पुढे वळवतात आणि ९६ मीटरच्या बोगद्यात ते मोडतात. प्रत्येक पायॉनमागे एक म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि एक न्यूट्रिनो. २८० मीटरवर जवळचा डिटेक्टर, २९५ किलोमीटरवर सुपर-कामिओकांडे. झोत मुद्दाम सुपर-कामिओकांडेच्या दिशेपासून अडीच अंश तिरपा ठेवलाय.

तिरपेपणाचं कोडं मी स्वतः गणित करून पाहिलं. आमच्याकडे सध्या थ्री फेज रात्री येते, बाबा हरभऱ्याच्या ओलिताला गेले की मी लॅपटॉप उघडून बसते. सूत्र साधं आहे: न्यूट्रिनोची ऊर्जा = ०.४३ × पायॉनची ऊर्जा ÷ (१ + γ²θ²). इथे γ म्हणजे पायॉनची ऊर्जा भागिले त्याचं वस्तुमान, θ म्हणजे पायॉन आणि न्यूट्रिनो यांच्या दिशांमधला कोन. अडीच अंशाला २ जीईव्हीचा पायॉन घेतला तर उत्तर ०.६२ येतं. ५ जीईव्हीचा घेतला तरी ०.६२ च्या आसपासच! पायॉनची ऊर्जा अडीचपट केली आणि न्यूट्रिनो जागचा हलला नाही. न्यूट्रिनोंच्या ऊर्जेच्या आलेखात ०.६ जीईव्हीला उंच शिखर का दिसतं हे मला त्या रात्री पटलं, फार आनंद झाला.

आता अडचण. जवळच्या डिटेक्टरमध्ये मोजतात ती घटनांची संख्या, म्हणजे फ्लक्स गुणिले क्रॉस सेक्शन (न्यूट्रिनो अणुकेंद्राला धडकण्याची शक्यता). दोन्ही अनिश्चित, मग वेगळे कसे करायचे? त्यापेक्षा म्यूऑन विद्युतभारित आहेत, मोजायला सोपे. न्यूट्रिनोइतकेच म्यूऑन असतील तर तेच मोजा, फ्लक्स हातात. टीटूकेला म्यूऑन मॉनिटर आहे, तरीही शोधनिबंधात फ्लक्ससाठी सर्नच्या एनए६१/शाइन प्रयोगाचे आकडे वापरतात. असं का? कुणीतरी नीट समजावून सांगा. मराठीत सांगितलं तर सेमिनारला फार उपयोग होईल.

प्रतिसाद

ताई, मी मूळचा वणीचा, सध्या न्यूट्रिनोवरच पीएचडी करतोय. तुमच्या शंकेचं उत्तर तुमच्याच गणितात आहे.

म्यूऑन मॉनिटर टार्गेटपासून ११८ मीटरवर आहे, पण त्याच्या आधी बीम डंप लागतो, ग्रॅफाइट आणि लोखंडाचे जाड थर. ते पार करायला म्यूऑनला साधारण ५ जीईव्हीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. तुमच्या ०.६ च्या शिखराला कोणते पायॉन लागतात? २ ते ५ जीईव्हीचे. त्यांचे म्यूऑन डंपमध्येच जिरतात. म्हणजे मॉनिटरला दिसतात ते वेगळ्याच, जास्त ऊर्जेच्या पायॉनची पिल्लं. डंप काढून टाकला तर उरलेले प्रोटॉन आणि इतर हॅड्रॉन (पायॉनसारखे कण) मॉनिटरवर कोसळतील, तेही चालत नाही.

मग मॉनिटर कशाला? दिशेसाठी. प्रत्येक स्पिलला (प्रोटॉनच्या प्रत्येक झटक्याला) झोताचा मध्य कुठे पडला ते तो लगेच सांगतो. झोत १ मिलिरेडियन सरकला तर न्यूट्रिनोची ऊर्जा २-३ टक्क्यांनी बदलते, म्हणून ही राखण महत्त्वाची. इनग्रिड नावाचा झोताच्या अक्षावरचा डिटेक्टर तेच काम खुद्द न्यूट्रिनो वापरून करतो, फक्त सावकाश.

फ्लक्सचा आकडा उलट बाजूने, म्हणजे उगमापासून बांधतात. टार्गेटवर किती प्रोटॉन पडले ते करंट ट्रान्सफॉर्मर मोजतात. एका प्रोटॉनमागे कोणत्या कोनात, किती संवेगाचे पायॉन आणि केऑन (पायॉनसारखेच, पण जड कण) निघतात, हे नुसत्या सिद्धांतावरून भरवशाचं निघत नाही. प्रबळ बलाची गणितं तिथे अडतात आणि वेगवेगळी मॉडेलं वेगवेगळे आकडे देतात. म्हणून एनए६१ ने तेवढ्याच ऊर्जेचे प्रोटॉन आधी २ सेंटिमीटरच्या पातळ कार्बनवर आणि मग टीटूकेच्या टार्गेटच्या हुबेहूब प्रतीवर सोडून बाहेर पडणारे कण मोजले. पातळ टार्गेटच्या आकड्यांवर फ्लक्सची अनिश्चितता १० टक्क्यांच्या घरात होती, प्रतीच्या आकड्यांनी ती शिखराजवळ सुमारे ५ टक्क्यांवर आली.

क्रॉस सेक्शन वेगळं काढायचा एक सुरेख मार्ग अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या मिनर्वा प्रयोगाने दाखवला: न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनला धडकतो त्या घटना मोजायच्या. ते क्रॉस सेक्शन नेमकं ठाऊक आहे, म्हणून संख्येवरून थेट फ्लक्स. अशा घटना फार थोड्या, पण इलेक्ट्रॉन जवळजवळ सरळ पुढे जातो, त्यावरून ओळखू येतात. त्यांची अनिश्चितता ७.६ वरून ३.९ टक्क्यांवर आली.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. २ आणि ५ हे आकडे माझ्या वहीत होते, पण त्यांचा डंपशी संबंध मी लावलाच नव्हता. आणखी एक: जवळचा आणि दूरचा डिटेक्टर एकाच झोतात आहेत, तर भागाकारात फ्लक्स उडून जायला नको का?

प्रतिसाद

बराचसा उडतो, पूर्ण नाही. लग्नाच्या मांडवापुढची दिव्यांची रांग जवळून पाहिली की प्रत्येक दिवा वेगळ्या कोनात दिसतो, शिवारातून पाहिली की एकच ठिपका. २८० मीटरवरून ९६ मीटरचा बोगदा रांग असतो, २९५ किलोमीटरवरून ठिपका. कोन बदलला की ऊर्जा बदलते, हे तुमच्या सूत्रातच आहे. शिवाय दूरच्या डिटेक्टरपर्यंत म्यूऑन न्यूट्रिनोंचा मोठा भाग दोलनामुळे रूप बदलतो, म्हणजे तिथला वर्णपटही वेगळा. म्हणून दोन्हीकडच्या फ्लक्समधला सहसंबंध मॉडेलमध्ये घालून एकत्र फिट करावं लागतं.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये θ ठरीव न ठेवता बोगद्यात पायॉन कुठे मोडला त्यावरून काढा. २८० मीटर आणि २९५ किलोमीटर असे दोन आलेख येतील. ते इथे टाका, मी बघतो.