दानासाठी एकच खास स्पोर्ट बाइक बांधून लिलाव करावा का?

उद्यमबागकर
आमच्या बेळगावच्या रायडिंगच्या ग्रुपात एक प्रस्ताव आलाय, त्यावर तुमची मतं हवीत. एक वापरलेली यामाहाची आर-१५ स्पोर्ट बाइक घ्यायची, पूर्ण खोलायची आणि इथल्याच कारागिरांकडून अशी बांधायची की तिच्यासारखी दुसरी कुठं दिसणार नाही. मग जाहीर लिलाव. बांधायचा खर्च आम्ही आपापसांत वर्गणी काढून करणार आणि बोलीचा सगळा पैसा डायलिसिसवरच्या गरीब पेशंटांना देणार.

माझं म्हणणं, करायलाच पाहिजे. फौंड्री आपली, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन) आपल्या, टीआयजी वेल्डिंगवाले आपले. नमुना म्हणून हँडलचा वरचा टी (पुढचे शॉकॲब्सॉर्बर धरून ठेवणारा भाग) करून बघितलाय. ॲल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून मिलिंग करून काढलाय, कडा कानशीनं हातानं मारल्यात. उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, रोज दुसऱ्यांच्या कंपन्यांचे जॉब निघतात. एक जॉब आपल्या माणसांसाठी निघू दे.

पैसे मिळतात का म्हणाल, तर २०२४ मध्ये हीरोनं करिझ्मा एक्सएमआरवरून ‘सेंटेनियल’ बांधली. कार्बन फायबरची बॉडी, एकच सीट, ॲक्रापोविच कंपनीचा सायलेन्सर, अशा फक्त १०० गाड्या. त्यातल्या ७५ समाजकार्यासाठी लिलावात काढल्या आणि साडेआठ कोटींच्या वर रक्कम जमली. म्हणजे एका गाडीला सरासरी ११ लाखांच्या वर! सगळ्यात मोठी बोली २० लाखांच्या पुढं गेली होती.

खानापूरवाला
माझा विरोध आहे, आणि तो गाडीवरच्या प्रेमाला नाही. मीही तुमच्यासारखीच घाटात गाडी चालवतो.

भीमगडच्या जंगलातली आमची गावं पावसाळ्यात तुटतात. आमगाव, गवाळी, कोंगळा इकडचा पेशंट माणसं खांद्यावर घालून चिखलातून बाहेर आणतात. तिथं जाणाऱ्या आरोग्यसेविकेला धड गाडी नाही. आणि आपण काय करणार, तर चांगली चालणारी गाडी खोलून एखाद्या हौशी माणसाच्या हॉलमध्ये उभी करणार? आफ्रिकेत ‘रायडर्स फॉर हेल्थ’नं काय केलं ते बघा. मोटोजीपीच्या (मोटारसायकल शर्यतींच्या) जगातल्या माणसांनी पैसा उभा केला आणि लेसोथो, गॅम्बियासारख्या देशांत आरोग्य कर्मचाऱ्यांना गाड्या दिल्या, शिवाय त्या बंद पडू नयेत म्हणून देखभालीची व्यवस्था लावली. ही खरी बाइकवाल्यांची सेवा. वर्गणी काढताच आहात, तर तीच सरळ द्या की.

टिळकवाडीकर
भावना दोघांच्याही बरोबर, पण कायद्याचं कोण बघणार? सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल करता येत नाही. टी बदलला, चेसीस कापली, सायलेन्सर बदलला की आरटीओ दारात उभं करून घेणार नाही. ज्यानं लाखो रुपये मोजले त्याला चन्नम्मा चौकात पोलिसांनी अडवलं तर तो शिव्या तुम्हालाच घालणार.

आणि ग्रुपातलं कोणीतरी ‘कुपनं काढून लकी ड्रॉ करूया’ म्हणत होतं, ते डोक्यातून काढाच. सीमेवरच्या शिनोळीपलीकडं महाराष्ट्रात सरकारी लॉटरी चालते म्हणून आपल्याकडं चालेल असं नाही. कर्नाटकात लॉटरी २००७ पासून बंद आहे.

उद्यमबागकर
लकी ड्रॉ बाद, मान्य. गाडीचं म्हणाल तर ती रस्त्यासाठी विकायचीच नाही. प्रदर्शनाची आणि ट्रॅकवरची गाडी म्हणून विकायची, तसं लिलावाच्या अटींतच लिहायचं. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर चालवावी, नाहीतर शोरूममध्ये ठेवावी.

खानापूरवाले, तुमच्या मुद्द्याचं मात्र उत्तर देतो. सरळ वर्गणी काढली तर किती जमणार? गणपतीला देतात, शिवजयंतीला देतात, तेच लोक परत शे-दोनशे देणार. लिलावात जो पैसा येतो तो एरवी दानाच्या वाटेला येतच नाही. पोप फ्रान्सिस यांना भेट मिळालेली हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकल २०१४ साली पॅरिसच्या लिलावात निघाली. अंदाज १२ ते १५ हजार युरोंचा होता, गेली २ लाख ४१ हजारांच्या वर. त्यातून रोमच्या टर्मिनी स्टेशनजवळच्या बेघरांच्या निवाऱ्याला आणि अन्नछत्राला मदत झाली. नुसती झोळी फिरवून एका माणसाकडून एवढं मिळालं असतं काय?

खानापूरवाला
त्या हार्लेवर पोपची सही होती. तुमच्या टीवर कोणाची सही आहे?

निपाणीची ताई
मी हिशोबाचं काम करते, म्हणून त्याच बाजूनं बोलते. बोलीची रक्कम ही वस्तूची किंमत असते, देणगी नव्हे. ‘आयकर सवलतीची (ऐंशी-जीची) पावती मिळेल’ असं सांगून कुणाला बोलीला बसवू नका. पैसा कुणा एकाच्या खात्यावर घेऊ नका. ज्या नोंदणीकृत ट्रस्टला द्यायचाय त्यांच्याच नावानं लिलाव करा, गाडी आधी त्यांना रीतसर देऊन टाका.

२०२० मध्ये महिंद्रानं नव्या थार जीपची पहिली गाडी लिलावात काढली, ती १ कोटी ११ लाखांना गेली. मला त्यात आवडलं ते हे, की पैसा कुठल्या निधीला जाणार याचे पर्याय आधीच जाहीर होते आणि कंपनीनं तेवढीच रक्कम स्वतःची घातली. तुम्ही आधी काय जाहीर करणार? ‘गरीब पेशंट’ एवढं पुरत नाही. सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट होतं, २०१६ पासून केंद्राची योजनाच आहे. मग पैसा नेमका कशाला?

शहापूरची सून
त्याचं उत्तर मी देते. माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं. मशीन फुकट असतंय ओ, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा जायचं, यायचं. रक्त वाढायची इंजेक्शनं कधी मिळतात, कधी बाहेरून आणावी लागतात. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. आमचं घर जवळ होतं म्हणून निभावलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ नंदगडहून यायचे, पावसात गाडी चुकली की त्यांची खेप चुकायची, आणि पुढच्या वेळेला पाय सुजून टम्म. लिलाव करा नाहीतर झोळी फिरवा, पण पैसा त्या येण्याजाण्याला लावा. तुम्ही सगळे गाडीवरच वाद घालूलालाय.

खानापूरवाला
शहापूरच्या ताईंचं पटलं. नंदगड आमच्याच तालुक्यातलं. तरी गाडीला माझा विरोध कायम आहे. चालणारी गाडी उभी करून ठेवणं मला पटत नाही आणि पटणार नाही. पण लिलाव करणारच असाल तर खानापूर तालुक्यातल्या पेशंटांच्या गाडीभाड्याचा आणि इंजेक्शनचा खर्च असं आधी लेखी जाहीर करा. गावागावातल्या पेशंटांची यादी करायला मी येतो.

उद्यमबागकर
या. ट्रस्ट ठरल्याशिवाय पुढचा एकही भाग मशीनवर चढवणार नाही. निपाणीच्या ताई, लिलावाच्या अटींचा मसुदा तुम्ही बघाल काय?